चकात ओतलेलं पंचामृत

मी पंचामृत घेत नाही. मठात नाही, लग्नात नाही, कुणाच्या वास्तुशांतीला नाही. पळी पुढं आली की माझा हात आपोआप मागं जातो. सुनेनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमच्या आत्याबाईंना साखरेचा त्रास आहे. आहे म्हणा, पण साखर मला आत्ता आत्ता लागली आणि पंचामृत सतराव्या वर्षीच सुटलं. खरं कारण मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तो गेला बिचारा, सांगायचं राहूनच गेलं. आता लिहायला बसले आहे ते कुणी क्षमा करावी म्हणून नाही. क्षमा करणारी माणसं उरलेली नाहीत आणि जी उरली आहेत त्यांच्या क्षमेला मी विचारत नाही.

आमचं घर पिंगळीला, ठेसनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं आप्पांचं दारं-खिडक्यांचं दुकान आणि मागं आम्ही. मध्ये एक भिंत होती, पण ती नावाला. रंध्याचा भुसा उडत उडत स्वयंपाकघरात यायचा. माय परातीवर फडकं टाकून भाकरी थापायची, तरी पिठात एखादा कपटा सापडायचाच. "सागवान खायलोत आपण, लय महाग जेवण हाय," असं आप्पा म्हणायचे आणि आपल्याच बोलण्यावर हसायचे. सकाळी आप्पा तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसले की घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगावर धूत धोतर, आणि तोंडानं सतत पुटपुटणं. ते पुटपुटणं संपायची वेळ आणि पूर्णेकडून येणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी बरोबर जुळायची. गाडी थांबली की दहा मिनिटांत दुकानाच्या फळ्या निघाल्याचा खडखडाट. म्हणजे मिस्त्री आला. मग माय चुलीवरचं येसराचं कालवण उतरवायची आणि दिवस सुरू व्हायचा.

आप्पा वाईट माणूस नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं त्यांची बाजू घ्यायची माझी इच्छा राहील असं वाटत नाही. ते व्यापारी होते. लाकूड ओळखायचे, गिऱ्हाईक ओळखायचे, पण हातात हत्यार धरणं त्यांना जमत नसे. खिळा ठोकायला घेतला की अंगठा आधी ठेचायचा. दुकान चालायचं ते खाजा मिस्त्रीच्या हातांवर. मिस्त्री चुडाव्याचा. रोज पॅसेंजरनं यायचा, रोज पॅसेंजरनं जायचा. उंच, किडकिडीत माणूस, कानामागं पेन्सिल आणि कमरेला करगोट्यात अडकवलेला चाव्यांचा जुडगा. दुकानाची चावी, लाकडाच्या खोलीची चावी, हत्यारांच्या पेटीची चावी, सगळं त्याच्याकडं. आप्पांचा त्याच्यावर एवढा भरवसा होता की स्वतःकडं त्यांनी एकही चावी ठेवली नव्हती.

भरवसा होता, पण कप वेगळा होता. तेही लिहिते. दुकानाच्या मागच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असायचा, तो मिस्त्रीचा. मी वरून चहा ओतायची, तो पिऊन झाल्यावर स्वतःच हौदावर विसळून पुन्हा उपडा घालायचा. मला त्यात काही खटकलं नाही. खोटं कशाला बोलू, खटकायला हवं होतं असं आज वाटतं, त्या वयात वाटलं नाही. मी त्याला चाचा म्हणायची, तो मला बेटी म्हणायचा, आणि त्यावर माझं समाधान होतं.

मला हत्यारांचं वेड होतं. मायला ते आवडायचं नाही. "पोरीच्या जातीला करवतीचं काय करायचंय," असं ती म्हणायची. पण दुपारी ती आडवी झाली की मी दुकानात. चाचा मला हाकलत नसे. रंध्याचं पातं कसं घासायचं, चौकटीचा कोन कसा बघायचा, स्क्रू कुठल्या अंगाला सुटतो आणि कुठला उलट्या आट्याचा असतो, हे मी त्याच्याकडून शिकले. माझा जावई परवा भिंतीत खुंट्या बसवत होता. बॅटरीवरचं मशीन, चावीसुद्धा लागत नाही, हातानंच चक फिरवून घट्ट करायचा. भोक पाडायचं बिट घसरत होतं. मी म्हणाले, जबडे पुसून घ्या आधी. तो हसला आणि म्हणाला, "आई, तुमी राहू द्या." राहू दिलं.

तर मशीन. आप्पांनी हैदराबादहून विजेवर चालणारं ड्रिल मशीन आणलं तेव्हा आमच्या रस्त्यावर तसं दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. तोवर सगळी भोकं हातगिरमिटानं पडायची. मशीन बघायला माणसं दुकानात येऊन उभी राहायची आणि आप्पा उगीचच एखाद्या फळीला दोन भोकं पाडून दाखवायला लावायचे. त्याच्या तोंडाशी जो जाड लोखंडी गोल असतो, बिट धरणारा, त्याला चक म्हणतात. आत तीन जबडे. दातेरी चावी लावून फिरवली की तिन्ही जबडे सारखे पुढं सरकतात आणि बिट आवळून धरतात. तो चक आरशासारखा चकचकीत होता. आप्पा गिऱ्हाइकाला मशीन दाखवताना बोट चकावर ठेवायचे. त्यांना मशीनमधलं तेवढंच कळत होतं, कारण तेवढंच चमकत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची. करवती, रंधे, पटाशा, हातोडे, आणि आल्यापासून मशीनही. प्रत्येकाला भस्माचे तीन पट्टे, हळदकुंकू, झेंडू. त्या दिवशी हत्याराला काम नाही आणि दसरा होईपर्यंत ती तशीच बसून राहायची. पहिली दोन वर्षं मशीन चाचानंच पाटावर ठेवलं. जबड्यात चिंधीचा बोळा धरून चक गच्च आवळलेला, वरून प्लास्टिकची पिशवी दोऱ्यानं बांधलेली. माय म्हणाली, देवापुढं असं तोंड बांधून कामून ठेवलंस रे? तो म्हणाला, "धूळ बसती ना, मालकीनबाई." आम्ही पिशवीवरच पट्टे ओढले, पिशवीवरच कुंकू वाहिलं.

तिसऱ्या वर्षी चाचा नव्हता. त्याच्या मुलीची, शमीमची, सोयरीक जिंतूरला ठरत होती. चार दिवस सुट्टी मागून, चाव्या आप्पांकडं ठेवून तो गेला. त्यामुळं हत्यारं मांडायचं माझ्याकडं आलं. मायनं लुगडं नेसायला लावलं. मी सगळं केलं, मन लावून केलं. मशीन पाटावर उभं ठेवलं, तोंड वर करून. पिशवी घातली नाही. मला वाटलं, बाकीच्यांची पूजा उघड्यानं आणि ह्याचीच झाकून, हे बरं नाही. बिट नसल्यानं चकाचं तोंड मोकळं दिसत होतं, म्हणून देठासकट झेंडूचं फूल आत खोचलं आणि चावी लावून जबडे आवळले. शोभून दिसलं. मग भस्म लावलं. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, लिंगाच्या अभिषेकातलं उरलेलं पंचामृत पळीनं त्याच्यावर ओतलं. दूध, दही, तूप, मध, साखर. एक पळी ओतली, ती फुलाच्या देठावरून आत उतरली. चांगलं वाटलं म्हणून आणखी दोन ओतल्या. माय बघत होती. म्हणाली, "गुणाची गं माझी गौरा." हात मोडले असते त्या वेळी तर बरं झालं असतं.

चाचा परतला तो खुशीत होता. सोयरीक बसल्यासारखी होती, आता फक्त तिकडची माणसं येऊन इकडची चौकशी करून जाणार, मग सुपारी. कोनाड्यातला कप घेताना तो मला म्हणाला, "बेटी, शमीमच्या शादीला मेंदी काढायला तूच यायचं." मग त्यानं पाटावरून मशीन उचललं. सुकलेलं फूल ओढून काढलं, अर्धा देठ आतच तुटला. चावी लावली, ती फिरेना. जोर केल्यावर कुरकुरत थोडी फिरली. चकाच्या अंगावर काळे-तांबडे डाग पडले होते. त्यानं बोट आत घालून वास घेतला.

"बेटी, ह्याच्यात काय वतलं?"

"पंचामृत," मी म्हणाले. केवढ्या ऐटीत म्हणाले!

त्यानं माझ्याकडं बघितलं. "अच्छा," म्हणाला आणि बोट धोतराला पुसलं.

आप्पांना त्या दिवशी भलतीच घाई होती. मठाच्या गाभाऱ्याचं नवं सागवानी दार त्यांनी स्वतःच्या हौसेनं करवून दिलं होतं, देवाला अर्पण. सोमवार होता, मठात माणसं जमलेली, महाराज आलेले. चाचा म्हणाला, "मालक, आज मशीन ऱ्हाऊ द्या. एक दिवस द्या मला. न्हाईतर मी हातगिरमिटानं मारतो भोकं." आप्पांना ते कसं चालेल? सगळ्या गावासमोर मशीननं दार बसवायचं होतं त्यांना. "मशीन काय दुकानात बसवायला आणलीय का? चल घेऊन," असं म्हणून ते पुढं निघालेसुद्धा. मीही गेले मायबरोबर, आरतीचं ताट धरून.

पहिलं भोक पडलं. दुसरंही पडलं, वाकडं. तिसऱ्याला चक फिरत राहिला आणि बिट आत अडकून जागच्या जागी. चाचानं थांबवून चावी आवळली, पुन्हा सुरू केलं. ह्या खेपेला बिट थरथरलं, तिरकं झालं आणि सुटून दारावरून सरकलं. बेलाची पानं कोरली होती त्या फळीवर हातभर लांब ओरखडा उठला आणि एका पानाचा टवका उडाला. मग बायकांतून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. आप्पांचा चेहरा मी पाहिला. एवढी वर्षं त्या गावात मान वर करून फिरलेला माणूस, त्याला लपायला जागा हवी होती.

ती जागा त्यांना एका बघ्यानं दिली. तो वाकून म्हणाला, "आप्पा, हा चक तर जुनाट दिसायलाय. तुमचा तर लय चमकायचा की."

आप्पांनी चकावर बोट ठेवलं. नेहमी ठेवायचे तसंच. चमकत नव्हता. त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असायचं, तेही डागांखाली गेलं होतं. "खाजा," ते म्हणाले, "नवा चक कुठाय?"

"ह्योच हाय मालक."

"मला येड्यात काढायलास व्हय? चार दिस जिंतूरला काय करत हुतास त्ये कळलं आता. पोरीच्या लग्नाला चक इकलास?"

हे आप्पा बोलले. चाव्या चार दिवस त्यांच्याच कनवटीला होत्या, मशीन खंडेनवमीपासून देवापुढं होतं, हे त्यांना एक क्षणभर थांबून आठवता आलं असतं. पण माणूस लाजला की त्याला आठवत काही नाही. चाचानं एकदा, फक्त एकदा, बायकांच्या बाजूला मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. मी ताट धरून उभी होते. मला तेव्हा खरोखरच कळलं नाही तो काय बघतोय ते. पंचामृतानं काही बिघडू शकतं हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मला वाटलं, शमीमच्या लग्नासाठी खरंच केलं असेल का ह्यानं?

"चाव्या काढ," आप्पा म्हणाले. चाचानं करगोट्यातून जुडगा सोडवला, चकाची चावी खिशातून काढली, दोन्ही मठाच्या ओट्यावर ठेवलं आणि चपला घालून ठेसनाकडं चालायला लागला. पॅसेंजरला अजून तीन तास होते.

दुकान बंद पडल्यासारखं झालं. आप्पा दुसरा मिस्त्री शोधत होते, कुणी टिकत नव्हतं. मशीन कोपऱ्यात पडलेलं. एका दुपारी आप्पा लाकूड बघायला परभणीला गेले, माय झोपली, आणि मी ते पुढ्यात घेतलं. सांगू का, मला चाचाची चोरी पकडायची होती. हा चक कुठल्या जुन्या मशीनचा आहे ते बघायचं होतं मला. जबड्यांच्या आतला उलट्या आट्याचा स्क्रू सोडवला, चावी लावून तिच्या दांड्यावर लाकडी हातोड्यानं दोन ठोके दिले, तसा चक सैल झाला. हातानं फिरवून काढला आणि रॉकेलच्या वाटीत बुडवला. दोन दिवस कुणाच्या नजरेला न पडता तो माझ्या खाटेखाली होता. तिसऱ्या दिवशी जुना ब्रश घेऊन घासायला बसले.

आतून घाण निघायला लागली. पिवळट, काळपट, चिकट. भस्म आणि तूप मिळून फटी भरायच्या लुकणासारखं घट्ट बसलं होतं आट्यांत. साखरेचा पाक होऊन एक जबडा मागं चिकटून गेला होता. दोन पुढं यायचे, तिसरा जागचा हलत नव्हता, म्हणून चावी घट्ट लागल्यासारखी वाटायची आणि बिट मोकळंच राहायचं. मग झेंडूचा देठ निघाला. रॉकेलमध्येसुद्धा तुपाचा खवट वास येत होता. मी घासत राहिले आणि डाग निघाले तसं चकावरचं नाव उघडं पडलं, खाली नंबर. मशीनच्या खोक्यावर तोच नंबर होता. पिशवी आणि चिंधीचा बोळा तेव्हा आठवला मला. दोन वर्षं ह्या माणसानं आमची पूजाही मोडली नव्हती आणि मशीनही मोडू दिलं नव्हतं. धूळ बसती म्हणे.

मी रडत मायकडं गेले. तिनं वाटीत बघितलं, आणि पहिलं काय केलं असेल, तर दार लोटलं. "देवाचं तीर्थ हाय त्ये. त्यानं काय वाईट हुतंय व्हय? असं बोलू नये गौरा, पाप लागतंय." मी म्हणाले, माय, हा देठ बघ. तिनं देठ उचलून चुलीत टाकला.

आप्पांना मी चक बसवून दाखवला. बिट धरलं, फळीला सरळ भोक पाडलं. खोक्यावरचा नंबर दाखवला. त्यांना कळलं होतं, लगेच कळलं होतं. मला वाटलं आता उठतील, पायात चपला घालतील, चुडाव्याची गाडी धरतील. ते म्हणाले, "मठात बोललो गं मी. महाराजांसमोर."

"मग मठात जाऊन सांगा की, आप्पा."

"काय सांगू? पंचामृतानं मशीन खराब झाली म्हनू? आनि कुणी वतलं इचारलं तर? पोरीचं नाव घेऊ? उद्या तुला बघायला येतील लोकं. मठाचं दार आमच्या पोरीमुळं फुटलं म्हनून सांगत फिरू का?" मग आवाज खाली आला. "ऱ्हाऊ दे. त्येला दुसरीकडं काम लागल. हुन्नरी माणूस हाय."

म्हणजे माझ्यासाठी. माझ्या नावासाठी आप्पा गप्प बसणार होते. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि इतकं हायसंही कधी वाटलं नाही. दोन्ही एकदमच वाटलं. ते हायसं वाटल्याबद्दल मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

दोन दिवसांनी पूर्णेला मैत्रिणीकडं वही आणायला जाते असं सांगून मी पॅसेंजरमध्ये बसले आणि पूर्णेला उतरलेच नाही. चुडाव्याला उतरून विचारत विचारत गेले. चाचा अंगणात कुणाच्या तरी बाजेचा मोडलेला पाय दुरुस्त करत बसला होता. मला बघून उठला. चाचीनं खुर्ची दिली, फळीवरची चांगली कपबशी काढली, पुसली आणि चहा दिला. शमीम दाराआड उभी होती, माझ्याच वयाची. मी चहा पिऊ शकले नाही, आधी बोलून टाकलं. चक, देठ, भस्म, नंबर, सगळं.

"मालूम हाय बेटी मला."

"मग बोलला कामून न्हाईत?"

"मठात? महाराजांच्या समोर? तुमच्या देवाच्या दुधानं मशीन बिघडली, असं मी बोलायचं?" तो हसला. "मी?"

"आप्पांना एकट्याला सांगायचं की."

"त्यायनं मला एकट्याला इचारायचं हुतं की."

तो पुन्हा बाजेशी खाली बसला. हातोडी उचलून म्हणाला, "मालकानं पाठवलं का तुला?" मी मान हलवली, नाही म्हणून. "अच्छा." दोन खिळे ठोकून झाल्यावर त्यानं वर बघितलं. "काम नको मला. गाव पडलंय कामाला. पर जिंतूरवाल्यायच्या कानावर गेलंय. चौकशीला यायलेत ते ह्याच जुम्म्याला, सीधे तुमच्या दुकानावर. त्यायला एवढंच सांगा, खाजा चोर न्हाई. दूध-तूप काय बी बोलू नका. देवाचं नाव घिऊ नका. बस, चोर न्हाई."

"सांगते चाचा. आप्पा न्हाई बोलले तर मी सांगते."

"बोलशील?"

"शप्पत."

दाराआडून शमीम बाहेर आली आणि माझ्या हातातला गार चहा घेऊन दुसरा ओतून दिला.

जुम्म्याला दुपारी ते आले. दोघे होते, एक म्हातारा आणि एक मधल्या वयाचा, दोघांच्या अंगावर धुतलेले पांढरे कपडे. आप्पांनी बसायला बाक पुढं केला. दुकानातून मला हाक आली, पाणी आण. मी स्टीलचे पेले भरले. त्या माणसांसाठी पेले घ्यावेत की नाही, असं मायनं डोळ्यांनी विचारलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. पाणी घेऊन दुकानात आले तेव्हा म्हातारा बोलत होता, मोठ्या अदबीनं. "सेठ, लडकीच्या बापाची चौकशी कराया आलो. तुमच्याकडं सात वर्षं कामाला होते म्हणतात. माणूस कैसा हाय?"

आप्पांनी फळीवरचा भुसा हातानं झाडला. मी ताट धरून उभी होते, मठात उभी होते तशीच. ह्या खेपेला मला सगळं कळत होतं. माझ्या तोंडात शब्द तयार होते, चार-पाच शब्द, सकाळपासून घोकलेले.

"कामाला चांगला हाय," आप्पा म्हणाले. मग थांबले. माझ्याकडं त्यांनी बघितलं, आणि मला समजलं की ते माझी वाट बघतायत. मी बोलले असते तर त्यांनी मला अडवलं नसतं. कदाचित त्यांना ते हवंच होतं, कुणास ठाऊक. म्हाताराही माझ्याकडं बघायला लागला. उद्या मला बघायला येणारे लोक, मठातल्या बायका, चुलीत जळालेला देठ, सगळं माझ्या डोक्यात आलं. मी पेला पुढं केला.

"बाकीचं तुमीच बघा," आप्पा म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान हलवली. पाणी पिऊन दोघांनी पेले बाकावर ठेवले, "चलते हैं सेठ, मेहेरबानी," म्हणाले आणि उठले. सुपारीला चुडाव्याला जायचं तर डावीकडं ठेसन होतं, आणि गाडीची वेळही झालेली होती. ते उजवीकडं वळले, जिंतूरच्या एस.टी.च्या रस्त्याला. मी ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत दारात उभी होते आणि माझा आवाज त्यांना सहज ऐकू गेला असता.